‘ब्लो-अप’मधली वेरुश्का सिनेमात का टिकली नाही? अभिनय येत नव्हता म्हणून का?

प्रश्नातलं ते ‘म्हणून का’ मला झोंबलं, म्हणून लिहितेय. (वेरुश्का म्हणजे साठच्या दशकातली गाजलेली मॉडेल; ‘ब्लो-अप’ हा लंडनमधल्या एका फॅशन फोटोग्राफरवरचा १९६६ चा चित्रपट.)

१९८४ साली मी पुण्यात साडीच्या दुकानांच्या कॅलेंडरांसाठी फोटो काढून घ्यायचे. त्यातून एका मराठी चित्रपटात काम मिळालं. लग्नघरातली मावसबहीण, वाक्य एकच: “ताई, गाडी आली.” भर मे महिना, अंगावर शालू, अकरा टेक. चित्रपट लागल्यावर आमचे चुलतदीर (प्रायोगिक नाटकवाले, दाढी, झब्बा, सगळं) भर पंगतीत म्हणाले, “वहिनी, तुम्ही उभ्या छान राहता हो.” पुढे त्यांनीच फिल्म सोसायटीत ‘ब्लो-अप’ बघायला नेलं. वेरुश्का जमिनीवर, तिच्यावर ओणवा होऊन फोटोग्राफर झालेला नट डेव्हिड हेमिंग्ज कॅमेरा रोखतोय; पोस्टरवरही तेच. बाहेर आल्यावर दीर म्हणाले, “बघा, हीपण नुसती पडून होती.”

नुसती? शेवटाकडची पार्टी विसरले ते. हेमिंग्ज तिला म्हणतो, तू तर पॅरिसला असायला हवी होतीस. ती नशेत, शांतपणे सांगते की मी पॅरिसमध्येच आहे. १९६६ चं अख्खं लंडन त्या वाक्यात आहे. एकच वाक्य वाट्याला आलेल्या बाईला विचारा त्याचं मोल!

आणि अभिनय म्हणाल तर, वेरुश्का ही मूळची वेरा फॉन लेनडॉर्फ, सरदारघराण्यातली जर्मन मुलगी. हिटलरविरुद्धच्या कटापायी १९४४ मध्ये तिच्या वडिलांना फाशी झाली. १९६१ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली, तिथे कोणी विचारलं नाही. परत आली, ‘वेरुश्का’ हे रशियन वाटेल असं नाव घेतलं, नखशिखांत काळे कपडे चढवले आणि पुन्हा गेली. मग सगळे रांगेत! वर्षानुवर्षं एकच भूमिका, ‘कट’ म्हणायला कोणी नाही.

सिनेमे तिने मोजकेच केले; जीव चित्रकलेत होता. ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या नव्या संपादिकेला तिचं रूप बदलायचं होतं, तेव्हा १९७५ मध्ये तिने मॉडेलिंगही सोडलं. होल्गर ट्रुल्श या कलावंताबरोबर अंग रंगवून ती गंजलेल्या दारांत, भिंतींत दिसेनाशी व्हायची. २००६ च्या ‘कसिनो रोयाल’ या बाँडपटात ओझरती आहे.

हां, मोठ्या भूमिकेत ती तरली असती का, ते मी छातीठोक नाही सांगणार.

दीरांना मागच्या वर्षी एका मालिकेत काम मिळालं. कोमातल्या आजोबांचं. मी आवर्जून फोन केला, “भावजी, छान पडला होतात.”