ग्रामपंचायत सदस्य आणि नगरसेवकांना मानधन का द्यायचं? समाजसेवा आहे ना, मग फुकट करावी.

द्यावं. सदस्यांना तर आत्ता मिळतं त्याच्या कितीतरी पट द्यावं.

माझी आत्या महिला राखीव जागेवर पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होती. जमीन नावापुरती, घर चालायचं मजुरीवर. मासिक सभेची नोटीस शिपाई आणून द्यायचा, त्यावर वेळ सकाळी 11 ची. सरपंच उगवायचे एकच्या पुढं. तोवर कोरम नाही म्हणून भाऊसाहेब (आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात) प्रोसिडिंगचं रजिस्टर उघडं ठेवून बसलेले. सभा उरकायला तीन वाजायचे. कांदा लागणीच्या दिवसांत बायकांची टोळी एकरावर उक्तं काम घेते. त्यात एकजण गैरहजर राहिली की बाकीच्यांच्या कमरेवर येतं. म्हणजे आत्याचा एक रोज बुडायचा एवढ्यावर भागत नव्हतं, पुढच्या शेतावर तिला बोलावणंच यायचं नाही. सभेचा भत्ता 200 रुपये, तोही सहा-सहा महिने थकलेला.

वस्तीवरच्या पाण्याच्या लाइनीसाठी पंचायत समितीत तीन हेलपाटे घातले, तिकीट पदरचं. (एसटीत बायकांना अर्धं तिकीट 2023 ला झालं, तिची टर्म त्याआधीच संपली.) तिसऱ्या वर्षी ती सभेला जायचीच थांबली. शिपाई रजिस्टर घरी आणायचा, ती चुलीपुढं बसून सही करायची. कशावर केली ते तिला ठाऊक नसायचं, आणि तिला ठाऊक नसणं बऱ्याच जणांच्या सोयीचं होतं.

'फुकट सेवा करा' म्हटलं की सभेत बसतो तो ज्याला बसायला परवडतं. ज्याची बाग सालगडी बघतो तो, नाहीतर ज्याच्या मेव्हण्याच्या नावावर गटारीचं काम आहे तो. स्वतःच्या नावावर काम घेतलं तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली सदस्यत्व जातं, म्हणून मेव्हणा! राज्यात पंचायतींत महिलांना 50 टक्के आरक्षण दिलं ते बरोबरच केलं, पण खुर्ची देऊन रोज बुडवला तर त्या खुर्चीवर शेवटी नवराच येऊन बसतो.

सरपंचांचं गाऱ्हाणं सरकारनं थोडंफार ऐकलं. 2024 मध्ये मानधन दुप्पट झालं: 2000 पर्यंत लोकसंख्येच्या गावात 3000 चे 6000, 8000 च्या वरच्या गावात 5000 चे 10000. उपसरपंचांचंही वाढलं. साधा सदस्य मात्र सभेच्या भत्त्यावरच राहिला.

शहरात आकडे मोठे दिसतात. मुंबईच्या नगरसेवकाचं मानधन 2017 मध्ये 10 हजारांवरून 25 हजार झालं. पण 2011 च्या जनगणनेनं एका प्रभागात सरासरी 50 हजारांवर माणसं येतात. ऑफिसचं भाडं, एक पोरगा कामाला ठेवला, की संपले पैसे. नोकरी सांभाळून हे काम होत नाही.

मानधन दिलं की खाणं थांबेल का? नाही. ज्यानं निवडणुकीत लाखो उधळले तो 25 हजारांवर गप्प बसणार नाही, हे मलाही कळतं. त्याच्यासाठी मानधन मागतच नाहीये मी.

माझं म्हणणं एवढंच, की सदस्याला सभेच्या दिवशी निदान त्या हंगामातला पूर्ण रोज आणि प्रवासखर्च मिळावा. हजर असेल तरच, आणि सही सभेत झाली असेल तरच. पैसा राज्यानं थेट खात्यावर टाकावा. छोट्या गावाच्या घरपट्टीतून तो निघत नाही, आणि सरपंचाच्या मर्जीवर ठेवला तर विरोधात बोलणाऱ्याचा आधी अडकतो.

आत्याला मध्ये सहज विचारलं, परत उभी राहशील का? हातातली कांद्याची रोपं निवडत म्हणाली, "सभा रात्री घेतात का इचार आधी."