रॅकमधला बार आणि पडद्यावरचा बार

प्रश्न : ईआरपी (स्टोअर, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) सुरू होऊन आठ महिने झाले. ईएन 8 या पोलादाचा 40 मिमी व्यासाचा बार सिस्टिममध्ये 940 किलो दिसतो, रॅकवर 205 किलोच भरतो. या काळात त्यातून सात हजार पिना काढल्या. सॉफ्टवेअरवाले म्हणतात एंट्री चुकते, स्टोअरवाले म्हणतात सॉफ्टवेअर चुकतं. बीओएमची (एका नगाला किती माल लागतो त्या यादीची) प्रिंट सोबत जोडली आहे. (वाचक, चाकण)

उत्तर : दोघांचंही चुकलेलं नाही, चूक बीओएममध्ये आहे. तुमच्या प्रिंटवर एका पिनेला 1.185 किलो माल लिहिलाय. व्यासाचा वर्ग भागिले 162 केलं की 40 मिमीचा बार मीटरला 9.88 किलो येतो. त्याचे 120 मिमी, म्हणजे पिनेची तयार लांबी, भरतात 1.185 किलो. ड्रॉइंगवरची लांबी कुणीतरी तशीच बीओएमला चढवली.

मशीनवर मात्र 120 मिमीत भागत नाही. नग कापून वेगळा करणाऱ्या पार्टिंग टूलचे 3 मिमी आणि टोक सपाट करण्याचा, म्हणजे फेसिंगचा, 1 धरला तर नगामागे 124 मिमी जातात. शिवाय चकमध्ये (बार पकडणाऱ्या जबड्यात) धरलेल्या शेवटच्या साधारण 60 मिमीतून नग निघत नाही. 3 मीटरच्या बारमधले 2940 मिमीच कामाचे, आणि त्यात 23 नग बसतात. बार 29.63 किलोचा, भागिले 23, म्हणजे नगामागे 1.288 किलो. फरक 103 ग्रॅमचा. सात हजार पिनांना तो 721 किलो होतो. तुमची तूट 735 किलोची आहे. उरलेले 14 किलो म्हणजे सेटिंगला बाद झालेले दहा-अकरा नग असावेत, ते रिजेक्शनमध्ये नोंदलेत का पाहा.

उत्पादनाची एंट्री पडली की सिस्टिम बीओएमप्रमाणे आपोआप माल वजा करते. म्हणून चूक कुणाच्या हातून झाल्यासारखी दिसत नाही, पण रोज होत राहते. आमचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. पाच बार वजन करून मशीनला लावा, नग मोजा, उरलेले तुकडे वजन करा आणि सरासरी बीओएमला टाका. बारची लांबी बदलली की हा आकडाही बदलतो. तुमच्या हिशेबात प्रत्येक बारमागे 148 मिमीचा, जवळपास दीड किलोचा तुकडा उरतो. त्यातून आखूड पार्ट निघत असेल तर तुकड्याला वेगळा आयटम कोड द्या आणि तो स्टोअरला जमा करून घ्या, नाहीतर सरळ भंगारात दाखवा. बीओएम दुरुस्त झाल्यावर स्टॉक एकदाच, कारण लिहून, जुळवा. दर महिन्याला गुपचूप जुळवत राहिलात तर पुढची चूकही अशीच आठ महिने झाकली जाईल.

प्रश्न : 35 माणसांचं मशीन शॉप आहे. हिशेब टॅलीत, स्टोअर एक्सेलमध्ये. तीन कंपन्यांचे डेमो पाहिले, तिन्ही चांगले वाटले. निवड कशी करावी? (वाचक, भोसरी)

उत्तर : त्यांच्या डेटावर त्यांचा माणूस दाखवतो तेव्हा सगळंच चांगलं दिसतं. पुढचा डेमो तुमच्या एका पार्टवर मागा, आणि कीबोर्डवर तुमचा स्टोअरकीपर बसवा. बार आत घ्यायचा, हीट नंबर (पोलादाच्या वितळणीचा क्रमांक) आणि टीसी (मालाचं चाचणी प्रमाणपत्र) जोडायची, टर्निंग, बाहेर हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, मग डिस्पॅच. मधे मुद्दाम अडचणी घाला : 200 नग हीट ट्रीटमेंटला गेले, दोन खेपांत 196 आले, तीन तडकले, एक कमी भरला. चलनाची (माल पाठवल्याच्या पावतीची) बाकी किती दिसते? ग्राहकाने दहा नग रिवर्कला परत पाठवले, त्यांचा हीट नंबर किती क्लिकमध्ये सापडतो? माल किलोत घेऊन नगांत देता येतो का? इथे जो अडखळेल तो तुमच्या शॉपवरही अडखळणार.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल (कुणी, कधी, काय बदललं याची नोंद) 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. उलाढाल 5 कोटींच्या वर गेली असेल तर ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेलं बिल) थेट सॉफ्टवेअरमधूनच निघायला हवं, पोर्टलवर दुसऱ्यांदा टाइप करायला लागू नये. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) काय येतं, नवा रिपोर्ट बनवायला किती पैसे आणि सोडून जाताना आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का, हे पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहून घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.

प्रश्न : जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, दिलेला माल सिस्टिममध्ये वेंडरच्या नावावर एकत्र दिसतो. एवढं पुरेसं आहे का? (वाचक, तळेगाव)

उत्तर : नाही. जीएसटीत कच्चा माल एक वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यायला हव्यात. न आल्यास माल ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरलं जातं. (डाय, मोल्ड, जिग, फिक्श्चर, टूल यांना ही मुदत नाही.) म्हणून चलननिहाय बाकी आणि किती दिवस झाले, दोन्ही दिसलं पाहिजे. आयटीसी-04 हा जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म 5 कोटींवर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक भरायचा असतो. तोही याच रिपोर्टवरून भरला जातो.

प्रश्न : नवी सिस्टिम 1 एप्रिललाच सुरू करावी का? (वाचक, पिंपरी)

उत्तर : आम्ही टाळू. तेव्हा अकाउंट्सवाले वर्षअखेरीत गुंतलेले असतात आणि स्टोअरच्या प्रश्नांना कुणाला वेळ नसतो. महिन्याची पहिली तारीख धरा आणि त्याआधीच्या गुरुवारच्या सुटीला मशीन बंद ठेवून मोजणी करा. शॉपवरचे अर्धवट नग ऑपरेशननिहाय मोजा. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे पडलेला मालही त्याच दिवशी मोजायचा, आणि आकड्यावर त्यांची सही घ्यायची.