‘गव्हर्नर’ हा शब्द अर्जात लिहू नका (निदान एकटा तरी)

तुमची पोस्ट वाचली आणि माझे सहा महिने डोळ्यांपुढे आले. तुम्हाला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेल्या चिंतामणराव (सी. डी.) देशमुखांवर स्मरणिकेसाठी लेख लिहायचाय, आणि जुनी कागदपत्रं मागितल्यावर सरकारी कचेरीतून ‘कागद उपलब्ध नाहीत’ असं उत्तर आलंय. मलाही शब्दन् शब्द हेच उत्तर आलं होतं.

मी अर्जात लिहिलं होतं, ‘गव्हर्नर सी. डी. देशमुख यांच्या कारकिर्दीची कागदपत्रं’. चूक तिथेच झाली. जुन्या फायली माणसाच्या नावाने लागत नाहीत, हुद्द्याने लागतात. देशमुख 1939 मध्ये रिझर्व्ह बँकेत आले ते सरकार आणि बँक यांच्यातले संपर्क अधिकारी म्हणून. मग ते केंद्रीय मंडळाचे सचिव झाले, डिसेंबर 1941 मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि 11 ऑगस्ट 1943 ला गव्हर्नर. आधीचे गव्हर्नर जेम्स टेलर फेब्रुवारी 1943 मध्ये पदावर असतानाच वारले. मला नेमके हे मधले महिने हवे होते. तेव्हा देशमुख ‘डेप्युटी’ होते, आणि माझ्या अर्जात तो शब्दच नव्हता.

त्या कचेरीचं नाव घेत नाही, रिझर्व्ह बँकेशी तिचा संबंध नाही. पण राग अजून आहे. तिथल्या बाईंनी रजिस्टरचं एक पान उघडलं, ‘गव्हर्नर’ या शब्दावर बोट ठेवून खालपर्यंत नेलं आणि रजिस्टर मिटलं. ‘काही नाही.’ दुसरा हुद्दा होता का, एवढं विचारायला किती वेळ लागतो हो? पुढच्या खेपांना ‘साहेब रजेवर’, ‘फाईल वर गेलीय’. शेवटी बदली होऊन आलेल्या एका कारकुनाने दुसरं रजिस्टर काढलं, आणि पंधरा मिनिटांत काम झालं.

तेव्हा नवा अर्ज करा. चारही हुद्दे, प्रत्येकापुढे साल, आणि हवा तो प्रसंग लिहा. ‘सर्व कागदपत्रं’ अजिबात लिहू नका. पुण्यातल्या रिझर्व्ह बँकेच्या अभिलेखागारालाही वेगळं पत्र पाठवा. 1 जानेवारी 1949 ला राष्ट्रीयीकरण होईपर्यंत बँक भागधारकांची होती, त्यामुळे सगळं सरकारी दप्तरात मिळेलच असं नाही. मी इतिहासकार नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. आजचे नियम एकदा विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर लेखात 1944 ची ब्रेटन वुड्स परिषद (युद्धानंतरची आंतरराष्ट्रीय चलनव्यवस्था ठरवणारी) आणि 1956 चा मुंबईच्या प्रश्नावरचा अर्थमंत्रिपदाचा राजीनामा सगळेच लिहितात. तुम्ही 1939 ते 1943 वर जास्त लिहा. आयसीएसमधला (इंग्रजांच्या काळातली वरिष्ठ सनदी सेवा), मध्य प्रांतात नोकरी केलेला माणूस बँकेत सर्वोच्च पदापर्यंत चार वर्षांत पोचला, हे कसं झालं ते कोणी नीट सांगत नाही. त्यांचं आत्मचरित्र जरूर वाचा, पण ते 1974 चं आहे, तारखा कागदांवरून ताडून घ्या.

आणि लेखासोबत 1949 च्या एक रुपयाच्या नोटेचा फोटो देणार म्हणताय, तो काढा. एकची नोट भारत सरकारची, तिच्यावर अर्थसचिवांची सही असते. त्या नोटेवर के. आर. के. मेनन यांची आहे. देशमुखांची सही हवी तर त्यांच्या काळातली, सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली दोनची किंवा दहाची नोट शोधा.