केस मुलाखतीच्या तयारीविषयी
व्यवस्थापन सल्लागार होऊ इच्छिणारे बहुतेक विद्यार्थी मॅकिन्झी, बीसीजी आणि बेन या तीन बड्या सल्लागार कंपन्यांपलीकडे पाहत नाहीत. तेथे अर्ज जरूर करावा, पण एकाच क्षेत्रात काम करणाऱ्या लहान कंपन्यांनाही तितक्याच गांभीर्याने घ्यावे. रेझ्युमेवर ‘समन्वय केला’ असे मोघम न लिहिता, तुमच्यामुळे नेमके काय बदलले ते आकड्यांत मांडा.

खरा कस लागतो तो केस मुलाखतीत, म्हणजे एखाद्या कंपनीची व्यावसायिक समस्या देऊन ती सोडवायला सांगतात त्या मुलाखतीत. ‘नफा घटला आहे, कारण शोधा’ असे म्हटल्याबरोबर विश्लेषणाची पाठ केलेली चौकट मांडू नका (मीही सुरुवातीला हेच करत असे). घट कधीपासूनची आहे आणि प्रतिस्पर्ध्यांचाही नफा घटला आहे का, हे आधी विचारा. मग उत्पन्न आणि खर्च वेगळे करून उत्पन्नाची फोड किंमत व विक्रीसंख्या अशी करा. आकडेमोड मोठ्याने करा: स्थिर खर्च 3,00,000 रुपये असेल आणि प्रत्येक नगामागे 25 रुपये सुटत असतील, तर तो भरून निघण्यासाठी 12,000 नग विकावे लागतील, पण तेवढ्यावर न थांबता, बाजारपेठेचा आकार पाहता इतकी विक्री शक्य आहे का, हेही सांगा. सराव जोडीदारासमोर करा, आणि मधेच अडवून प्रश्न विचारण्याची त्याला मुभा द्या.