सतत वाईटच बोलणाऱ्या वडिलांना आनंदी कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की निवृत्त झाल्यापासून वडील प्रत्येक गोष्टीत खोट काढतात आणि तुम्ही त्यांना रोज सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ पाठवता. आधी ते व्हिडिओ बंद करा. मी असते तर मीही वैतागले असते.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना सगळं बिघडलेलंच दिसायला लागलं. इंदूर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, पण यांना कचरागाडीचं गाणं ऐकूनच चीड यायची. पोह्यांवर शेव जास्त, जिरावन मसाला कमी. पुण्याहून दादाने एक वही धाडली, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला. बाबांनी लिहिलं: "१) दूध पातळ होतं, पण नासलं नाही. २) गुडघा दुखला, पण एकच." तिसरी ओळ कोरी. दादा म्हणाला, "त्यांना बदलायचंच नाहीये." तिथून आमची जुंपली.

मी बाबांना रक्त तपासायला नेलं. बी १२ फारच कमी निघालं. शाकाहार, त्यात साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. या दोन्हींनी ते कमी होऊ शकतं, आणि मग माणूस थकतो, चिडतो. दादा फोनवर हसला, "इंजेक्शनने स्वभाव बदलतो होय?" नाही रे बाबा, पण जिना चढायला अंगात बळ तरी येतं!

मग गणपती आले. शेजारच्या काकू वर्गणीचं पुस्तक बाबांपुढे टाकून म्हणाल्या, "भाऊजी, अकराशे चाळीस रुपये सापडत नाहीयेत." बस्. दोन रात्री बाबा पावत्या लावत बसले. "एकाला धड पावती फाडता येत नाही," हे चालूच. पण सकाळी नवाच्या आत दाढी केलेली! अनंत चतुर्दशीला कित्येक वर्षांनी मिलच्या झांक्या, म्हणजे कापडगिरण्यांचे रोषणाईचे चित्ररथ, बघायला गेले, पहाटे घरी आले आणि रोषणाई पूर्वीसारखी राहिली नाही म्हणून अर्धा तास बोलले. चेहरा मात्र फुललेला.

मन प्रसन्न झालं की माणूस कामाला लागेल, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा उलटं असतं. मानसोपचारातही आधी हातांना काम लावायची पद्धत आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. तेव्हा वडिलांना ज्यात गती आहे आणि ज्यावाचून कुणाचं तरी अडलंय, असं काही शोधा. खोटं खोटं काम देऊ नका, लगेच कळतं.

हां, एक राहिलंच. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप-जेवण गेलेलं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा असेल तर हे सगळं सोडा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

दिवाळीला दादा आला तेव्हा त्याने आल्या आल्या वही मागितली. बाबांनी दिली. तिसऱ्या ओळीपासून पुढे सगळी वर्गणी मांडलेली, आणि थकबाकीत दादाचं नाव.