'येस, आय डू'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की 'डू यू लाइक कॉफी?', 'येस, आय डू', 'मी टू' अशी रोजची प्रश्नोत्तरं स्पॅनिशमध्ये नेताना 'डू'ला शब्दच सापडत नाही. स्पॅनिशमध्ये तसा शब्दच नाही. मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते आणि कळकळीनं सांगते, इंग्रजी बाजूला ठेवा, वाक्य आधी मराठीत म्हणा.

'तुला कॉफी आवडते का?' म्हणजे 'ते गुस्ता एल काफे?' 'ते' म्हणजे तुला, 'गुस्ता' म्हणजे आवडते. आवडणारी वस्तू इथेही कर्ता असते, त्यामुळे अनेक गोष्टी आवडत असतील तर 'गुस्तान'. आपलं आंबा आवडतो, आंबे आवडतात, तसंच. उत्तर नुसतं 'सी', नाहीतर 'सी, मे गुस्ता': हो, आवडते. नसेल आवडत तर 'नो, नो मे गुस्ता'. यातला पहिला 'नो' प्रश्नाचं उत्तर देतो, दुसरा क्रियापदाला नकार देतो. तो दुसरा गाळू नका. 'का'साठी वेगळा शब्द नाही. बोलताना सूर चढतो आणि लिहिताना प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह येतं. स्पॅनिश अकादमीनं ते 1754 साली शुद्धलेखनाच्या नियमांत घातलं.

'मी टू'ला मात्र दोन उत्तरं आहेत. समोरचा 'मे गुस्ता' म्हणाला तर 'आ मी ताम्बिएन', म्हणजे मलाही. 'त्राबाखो आकी' (मी इथे काम करतो) म्हणाला तर 'यो ताम्बिएन', म्हणजे मीही. मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. पण भुकेपाशी मराठीही चकवते. आपल्याला भूक लागते. त्यांच्याकडे भूक 'असते': 'तेंगो आंब्रे'. त्यामुळे तिथे 'मलाही' नाही, 'यो ताम्बिएन'च. वयाचंही तसंच, 'तेंगो बेइन्ते आन्योस', शब्दशः 'माझ्याकडे वीस वर्षं आहेत'.

दुसरा चकवा येण्याजाण्याचा. माद्रिदमध्ये मी ज्यांच्या घरी राहत होते त्या आजी दुपारी स्वयंपाकघरातून 'आ कोमेर!' अशी जेवायला हाक मारायच्या. पहिल्या दिवशी मी खोलीतून ओरडले, 'बेंगो!' आपलं 'आले!' त्या हातात पळी घेऊन दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, 'बेंगो नाही, या बोय.' ('या' म्हणजे आत्ता, 'बोय' म्हणजे जाते.) स्पॅनिशमध्ये बोलणारा जिथे उभा आहे तिकडेच 'येणं' होतं. मी माझ्या जागेवरून त्यांच्याकडे निघाले, म्हणजे मी 'जाते'. हाक आली, दार वाजलं, फोनवर कुणी 'येतोस ना?' विचारलं, उत्तर 'बोय'च. घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे आजींच्या उंबऱ्यावर 'मे बोय' (मी जाते) सहज तोंडातून निघायला मला कितीतरी महिने लागले.