संपादकाच्या हाती कादंबरी देण्याआधी

पुस्तक स्वतः काढताय, तर आधी ठरवा : संपादक हवाय की मुद्रितशोधक? संपादक प्रकरणं हलवायला, एखादं पात्र काढायला सांगेल. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघेल. एकाच वाचनात दोन्ही कामं नीट होत नाहीत. दहा-बारा पानांचा नमुना पैसे देऊन करून घ्या, मगच पुढचं बोला.

नमुन्यात संवाद जरूर द्या. तुमच्या कादंबरीतली माणसं सातारा जिल्ह्यातल्या दहिवडी-म्हसवडकडची. ती ‘आलो होतो’ म्हणणार नाहीत, ‘आलतो’ म्हणतील. पुण्यातला संपादक ते सरळ करू लागला, तर थांबवा. शुद्धलेखनाच्या नियमांतच पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा आहे. निवेदन मात्र त्याला मोकळेपणानं कापू द्या. तिथं आपण सातारकर फार पाल्हाळ लावतो, असं माझं ठाम मत आहे.

फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी अक्षरं नीट दिसतील अशा पद्धतीत द्या आणि डीटीपीला, म्हणजे संगणकावर पानांची जुळणी करायला, जाण्याआधी संपादन संपवा. जुळणीनंतर परिच्छेद हलले की पानं पुन्हा लावावी लागतात, खर्च वाढतो. संपादनाच्या किती फेऱ्या, किती पैसे, कधी, हे लेखी घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, सरकारकडून मोफत मिळतो. तो अर्ज तुम्हीच करा.